दिसत नाही म्हणजे नाहीसे झाले काय?

(मंडळाच्या वर्धापनदिनाच्या कार्यक्रमात वाचलेले भाषण)



आपल्या मंडळाच्या वर्धापनदिनी दरवर्षी कोणी आरोग्यावर बोलते, कोणी मुलांच्या वळणावर, कोणी टिकाऊ पदार्थांवर. मी आज ज्यावर बोलणार आहे तो विषय ऐकून काही जणींना हसू येईल. लॅपटॉप सुरू केला आणि त्याला आपल्याच पोटातली डिस्क दिसेनाशी झाली, तर घरातल्या बाईने काय करावे, हा माझा विषय आहे. माझे शिक्षण सातवीपर्यंत झाले. माहेर पेणचे, सासर रोह्याचे, आणि सगळा जन्म चूल, पाणी, पापड आणि पाहुणे यांत गेलेला. तेव्हा मी काही शास्त्र सांगावयास उभी नाही. जे पाहिले, जे विचारून घेतले आणि वाण्याच्या हिशेबाच्या वहीत मागल्या पानांवर लिहून ठेवले, तेच आपणांपुढे ठेवते.

हा विषय पुरुषांचा किंवा शिकलेल्यांचा आहे, असे कोणी समजू नये. आज आपल्या बचत गटाचे हिशेब कोठे असतात? पोह्याच्या पापडांच्या मागण्या कोठे उतरवून ठेवतो? मुलीच्या शाळेचे दाखले, सासऱ्यांच्या सातबाऱ्याची प्रत, थोरल्याच्या लग्नाचे फोटो, हे सारे त्या एका पेटीत असते. पूर्वी ते ट्रंकेत असे आणि ट्रंकेची किल्ली बाईच्या कमरेला असे. आता ट्रंक बदलली म्हणून किल्ली दुसऱ्याच्या हाती सोडून चालेल काय?

प्रथम ही डिस्क म्हणजे काय ते सांगते, कारण नाव माहीत नसले म्हणजे दुकानदार काय बोलतो ते कळत नाही. आपल्या घरात ओटा असतो आणि कोठीची खोली असते. ओट्यावर चालू स्वयंपाकाचे सामान, काम झाले की ओटा पुसून मोकळा. कोठीत वर्षाचे तांदूळ, कडधान्य, मीठ-मसाला. दिवा गेला तरी ते जागच्या जागी राहते. लॅपटॉपातही असेच आहे. ज्याला रॅम म्हणतात तो ओटा. ज्याला हार्ड डिस्क किंवा एसएसडी म्हणतात ती कोठी. विंडोज नावाची सगळे काम चालविणारी जी व्यवस्था, तीही त्या कोठीतच राहते. म्हणून कोठी दिसली नाही की यंत्र जागे होते, पण पुढे पाऊल टाकीत नाही. काळ्या पडद्यावर पांढऱ्या इंग्रजी अक्षरांत एवढेच सांगते, की ज्यावरून सुरू व्हावयाचे ती वस्तू सापडत नाही.

या कोठ्यांचा इतिहासही मौजेचा आहे. १९५६ साली अमेरिकेत आयबीएम कंपनीने रॅमॅक नावाच्या यंत्राबरोबर पहिली हार्ड डिस्क बाजारात आणली. तिच्यात दोन-दोन फूट व्यासाच्या पन्नास तबकड्या होत्या आणि वजन सुमारे टनभर. एवढे धूड, पण त्यात मावत होती पन्नास लाख अक्षरे. आज मोबाईलवर काढलेल्या एक-दोन फोटोंतच तेवढी जागा संपते. पुढे तबकड्या लहान होत होत तळहातावर मावू लागल्या. जुन्या लॅपटॉपात असते ती तबकडीची डिस्क मिनिटाला ५४०० किंवा ७२०० फेरे घेते. नव्या लॅपटॉपात तबकडी नसतेच. तीन इंचांहून किंचित लांब आणि एक इंचाहून कमी रुंद अशी एक पातळ पट्टी असते, तिच्या एका टोकाला सोनेरी दात असतात आणि दुसरे टोक एका बारीक स्क्रूने दाबून बसविलेले असते. तिला एसएसडी म्हणतात. तिच्यात फिरणारे काही नाही, म्हणून ती आवाजही करीत नाही.

आता मुद्द्याकडे येते. डिस्क दिसत नाही, म्हणजे डिस्क मेली, असा अर्थ नव्हे. घरातला दिवा लागला नाही तर आपण लगेच म्हणतो काय, की बल्ब गेला? आधी बटण पाहतो, मग शेजारी वीज आहे काय ते पाहतो, मग बल्ब फिरवून घट्ट करतो, मग तोच बल्ब दुसऱ्या होल्डरात लावून पाहतो. एवढे झाल्यावर नवा बल्ब आणावयास मुलाला पाठवितो. लॅपटॉपाच्या बाबतीत मात्र पहिल्याच दिवशी आपण "गेले" हा शब्द ऐकून घेतो आणि मान डोलावतो. बल्ब दहा वेळा नवा आणता येतो. कोठीतले धान्य दुकानात विकत मिळत नाही.

माझ्या माहेरी घडलेली गोष्ट सांगते. पेणला माझ्या भावाचा गणपतीचा लहानसा कारखाना आहे. पेण, हमरापूर, जोहे या भागांत घरटी हे काम चालते, ते आपणांस ठाऊकच आहे. गेल्या आषाढात रंगकाम ऐन भरात होते. अकरा बायका रंगाला येत होत्या. त्यांची मजुरी नगावर; आठवड्याला थोडी उचल न्यावयाची आणि उरलेला हिशेब चतुर्थीपूर्वी करावयाचा, ही तिथली रीत. कोणी किती नग रंगविले, कोणी किती उचल घेतली, कोणत्या व्यापाऱ्याने किती आगाऊ दिले, हे माझा भाचा लॅपटॉपात उतरवीत असे. वहीचे काम दोन वर्षांपूर्वीच बंद झाले होते.

एके सकाळी लॅपटॉप उघडला तो काळा पडदा आणि पांढरी अक्षरे. भावाने तो बाजारातल्या एका दुकानात नेला. तिथल्या माणसाने पाच मिनिटांत सांगितले, "डिस्क मेली. नवी टाकू, विंडोज नव्याने भरू. आतले काही मिळणार नाही." भाऊ हिरमुसला होऊन परत आला. दुपारी वहिनींचा फोन आला. त्या म्हणाल्या, "वन्सं, व्यापाऱ्यांचे पैसे व्यापारी सांगतील हो. पण ह्या बायांचे काय सांगू? त्यांच्याकडे कागदाचा कपटासुद्धा नाही." भगिनींनो, त्या बोलण्याने मला स्वस्थ बसवेना. मालकाचा हिशेब बुडाला तर तो अंदाजाने तोडतो. मजुराचा हिशेब बुडाला तर तोही मालकाच्याच अंदाजाने तुटतो.

माझी मुलगी संगणकाच्या पदविकेला आहे. ती म्हणाली, "आई, मामाला सांग, नवी डिस्क टाकू देऊ नकोस आणि जुनी कोणाच्या ताब्यात देऊ नकोस." दुसऱ्या दिवशी आम्ही मायलेकी सकाळच्या गाडीने निघालो. निडी, नागोठणे, कासू आणि पेण, एवढीच वाट, पण त्या दिवशी ती लांब वाटली. त्या दिवशी तिने जे जे केले ते मी क्रमाने लिहून घेतले. तोच क्रम आता सांगते.

पहिली गोष्ट, यंत्राला जोडलेले सगळे काढावे. पेनड्राइव्ह, मोबाईलची वायर, कॅमेऱ्याचे कार्ड. कधी कधी यंत्र त्या पेनड्राइव्हवरूनच सुरू व्हावयास पाहते, तिथे काही नसते, आणि आपण समजतो डिस्क गेली. मग चार्जर काढावा, बॅटरी निघत असेल तर तीही काढावी, आणि चालू करावयाचे बटण पंधरा-वीस सेकंद दाबून धरावे. आत राहिलेली वीज त्याने उतरते. मग पुन्हा सुरू करून पाहावे. पुष्कळदा एवढ्यानेच काम होते.

दुसरी गोष्ट, बायोस पाहावा. लॅपटॉप सुरू होताच एक ठरावीक बटण लागोपाठ दाबले, कोणात एफ टू, कोणात एफ टेन, कोणात डिलीट, की एक साधी पाटी उघडते. ही पाटी डिस्कवर नसते, यंत्राच्या मुख्य पट्टीवर असते, म्हणून डिस्क नसली तरी ती उघडते. त्या पाटीत डिस्कचे नाव दिसते की नाही, हा या सगळ्या तपासणीतला मुख्य प्रश्न आहे. नाव दिसले, तर कोठी जागेवर आहे असे समजावे; दोष बहुधा विंडोजमध्ये किंवा कशावरून सुरू व्हावयाचे त्या क्रमात आहे. नाव दिसलेच नाही, तर दोष जोडणीत, जागेत किंवा खुद्द डिस्कमध्ये आहे. दुकानात गेल्यावर आपणही हेच विचारावे, "बायोसमध्ये दिसते का?" एवढे एक वाक्य विचारले तरी समोरचा माणूस जरा सरळ बसून बोलतो, हा माझा अनुभव आहे.

तिसरी गोष्ट, त्याच पाटीवर तारीख पाहावी. बऱ्याच लॅपटॉपांत नाण्याएवढी एक गोल बॅटरी असते. ती संपली की यंत्र तारीख विसरते आणि काही जुळण्याही विसरते. डिस्कशी कोणत्या पद्धतीने बोलावयाचे याचीही एक जुळणी असते. तिची नावे एएचसीआय, रेड, व्हीएमडी अशी आहेत. ही जुळणी बदलली की डिस्क धडधाकट असूनही विंडोज सुरू होत नाही. आणखी एक गंमत सांगते. इंटेलच्या अकराव्या पिढीपासूनच्या कित्येक लॅपटॉपांत विंडोज नव्याने भरावयास घेतले, तर भरणारा कार्यक्रमच सांगतो की डिस्क सापडत नाही. तिथे डिस्कचा दोष नसतो. रॅपिड स्टोअरेज नावाचा इंटेलचा एक ड्रायव्हर आधी द्यावा लागतो, मग ती दिसते. हे ठाऊक नसलेला कारागीर चांगल्या डिस्कला मेलेली ठरवितो.

मात्र या जुळण्यांना हात लावण्यापूर्वी, जे आहे त्याचा मोबाईलवर फोटो काढून ठेवावा. शिवाय एक कुलूप ध्यानात ठेवावे. नव्या लॅपटॉपांत बिटलॉकर नावाचे कुलूप पुष्कळदा आपोआप लागलेले असते. जुळणी बदलली किंवा डिस्क दुसरीकडे लावली, की ते ४८ आकड्यांची किल्ली मागते. ही किल्ली बहुधा ज्याच्या नावाने लॅपटॉप सुरू केला त्याच्या मायक्रोसॉफ्टच्या खात्यात असते. ती आजच पाहून कागदावर उतरवावी आणि दागिन्यांच्या डब्यात ठेवावी. किल्ली नसेल तर डिस्क जिवंत असूनही कोठीचे दार उघडत नाही.

चौथी गोष्ट, जोडणी पाहावी. यंत्र हमीच्या मुदतीत असेल तर आपण उघडू नये, कंपनीच्या माणसाकडूनच उघडवावे, आणि आतली डिस्क पुसू नये असे लेखी सांगावे. मुदत संपली असेल तर जाणत्या माणसाने उघडावे. चार्जर काढलेला असावा, आतली बॅटरी सोडवावी, नायलॉनची साडी किंवा लोकरी स्वेटर अंगावर नसावा, आणि हात लावण्यापूर्वी एखाद्या लोखंडी वस्तूला स्पर्श करावा. अंगातली वीज त्या नाजूक पट्टीला पुरेशी घातक असते.

आमच्या पेणच्या लॅपटॉपात दोष इथेच सापडला. बायोसमध्ये नाव नव्हते. मागचे झाकण काढले तेव्हा ती पट्टी एका बाजूने तांदळाच्या दाण्याएवढी वर उचललेली दिसली. वैशाखात रॅम वाढविण्यासाठी यंत्र एकदा उघडले होते, तेव्हा तो बारीक स्क्रू पुरता आवळला गेला नव्हता. त्यावर कारखान्यातली बारीक पांढरी धूळ दातांवर बसली होती. मुलीने पट्टी काढली, सोनेरी दात कोरड्या मऊ कपड्याने हलकेच पुसले, खाच स्वच्छ केली, पट्टी तिरपी घालून दाबली आणि स्क्रू आवळला. मी टॉर्च धरून उभी होते. बायोस उघडला, आणि नाव दिसले. सगळे मिळून अर्धा तास लागला.

कारखान्यात रंगाला येणारी एक वडीलधारी बाई आहे. ती अक्षरशत्रू, पण रोज घरी गेल्यावर रंगविलेल्या नगांच्या रेघा कोळशाने भिंतीवर ओढीत असे. लॅपटॉप सुरू झाल्यावर भाच्याने तिचा आकडा वाचला. तिच्या रेघा मोजून आणल्या होत्या, त्या नगास नग जुळल्या. भावाने त्याच दिवशी पुन्हा वही आणली. आता प्रत्येकीला शनिवारी तिचा आकडा चिठ्ठीवर मिळतो.

पाचवी गोष्ट, घट्ट बसवूनही नाव दिसले नाही, तर डिस्क काढून दुसऱ्या यंत्राला लावून पाहावी. बल्ब दुसऱ्या होल्डरात लावावयाचा तो हाच. यासाठी केसिंग नावाची डबी मिळते, तीत डिस्क घालून यूएसबीच्या वायरीने जोडावयाची. इथे एक पथ्य आहे. पट्टीसारख्या एसएसडीत दोन जाती आहेत, साटा आणि एनव्हीएमई. दिसावयास जवळजवळ सारख्या, पण एकीची डबी दुसरीला चालत नाही. चुकीच्या डबीत घातली तर काहीच दिसणार नाही आणि उगाच डिस्क मेली असा निकाल होईल. योग्य डबीत दिसली, तर दोष लॅपटॉपाच्या खाचेत आहे आणि आपला माल सुखरूप आहे. तेथेही दिसली नाही, तर मग डिस्क बिघडली असे म्हणावे.

दुसऱ्या यंत्राला लावल्यावर कधी एक चौकट येते आणि विचारते, "ही डिस्क फॉरमॅट करू का?" किंवा "इनिशिअलाइझ करू का?" त्यावर "नाही" म्हणावे. फॉरमॅट म्हणजे कोठीतली मांडणी मोडून नवी मांडणे. डिस्क दिसू लागली, की दुसरे काही न करता आधी हवे ते दुसरीकडे उतरवून घ्यावे. जी एकदा दिसेनाशी झाली होती तिचा भरवसा किती धरावा?

सहावी गोष्ट तबकडीच्या जुन्या डिस्कची. तिच्यातून टक-टक, टक-टक असा आवाज येऊ लागला, की यंत्र ताबडतोब बंद करावे आणि पुन्हा सुरू करून पाहू नये. आत तबकडीवर अगदी केसाहूनही कमी अंतराने तरंगणारी एक सुई असते. ती बिघडली की तबकडी खरवडू लागते. प्रत्येक वेळी यंत्र सुरू करणे म्हणजे आणखी एक ओरखडा.

ही गोष्ट मी आपल्या रोह्यातल्या एका भगिनीच्या घरी पाहिली. तिचे यजमान वारले, त्यांचे शेवटच्या वर्षाचे सगळे फोटो आणि नातवाला गोष्ट सांगतानाचा आवाज जुन्या लॅपटॉपात होता. तो टक-टक करू लागला. पडद्यावरची अक्षरे पेणला आली होती तशीच. कोणी सांगितले थोडा वेळ बंद ठेवून पाहा, कोणी सांगितले हळूच आपटून पाहा. आठ दिवस घरातले जो तो सुरू करून पाहत होता. नंतर ती डिस्क मुंबईला डिस्कमधला मजकूर काढून देणाऱ्यांकडे पाठविली. त्यांनी धूळ नसलेल्या खोलीत ती उघडली आणि तबकडीच खरवडली गेली आहे, काही निघणार नाही, असे कळविले. पहिल्या दिवशी बंद केली असती तर काही निघाले असते काय, हे आज कोणालाच सांगता यावयाचे नाही. पण आठ दिवसांनी निघाले नाही, हे मात्र खरे. त्या भगिनीच्या परवानगीने मी हे सांगते आहे. तिचीच इच्छा आहे की दुसरीवर ही वेळ येऊ नये.

एकच काळा पडदा, एकीकडे स्क्रू ढिला आणि दुसरीकडे तबकडी खरवडलेली. म्हणून घाईने आशा सोडू नये आणि घाईने खटपटही करू नये.

आता आपल्या कोकणाविषयी थोडे. आपल्याकडे वर्षाला तीन हजार मिलिमीटरांच्या आसपास पाऊस पडतो. पावसाळ्यात चामड्याच्या चपलेवर बुरशी येते, पापड सादळतात, काड्या पेटत नाहीत; मग यंत्राच्या दातांवर ओल बसली तर नवल काय? लॅपटॉप पावसाळ्यातही आठवड्यातून दोनदा तासभर चालवावा, त्याच्या उष्णतेने आत ओल धरत नाही. लोखंडी कपाटात भिंतीला चिकटून ठेवू नये. पाणी सांडलेच तर लगेच बंद करून बॅटरी सोडवावी आणि कारागिराकडे न्यावे. तांदळाच्या डब्यात पुरल्याने आतली ओल निघत नाही, उलट तांदळाची पूड खाचेत जाते. वीज ये-जा करीत असेल तर प्लग काढून ठेवावा. चालू लॅपटॉप हातात घेऊन घरभर हिंडू नये, विशेषतः तबकडीची डिस्क असेल तर.

डिस्कची तब्येत आधीही पाहता येते. क्रिस्टलडिस्कइन्फो नावाचा एक फुकट कार्यक्रम आहे, तो डिस्क बरी आहे की सावध व्हावे, ते रंगाने सांगतो. फाइल उघडावयास फार वेळ लागणे, यंत्र मध्येच थिजणे, या खुणाही ओळखाव्या. पण एसएसडी पुष्कळदा काही न सांगताच जाते. तेव्हा खुणांवर भिस्त ठेवू नये.

भिस्त ठेवावयाची ती दुसऱ्या प्रतीवर. जाणकारांचा एक साधा नियम आहे. महत्त्वाच्या गोष्टीच्या तीन प्रती असाव्या, दोन निरनिराळ्या वस्तूंवर असाव्या, आणि एक प्रत घराबाहेर असावी. लॅपटॉपात एक, सुट्या डिस्कवर एक, आणि एक गूगल ड्राइव्हसारख्या ठिकाणी किंवा माहेरी. घराबाहेर का, हे आपल्या भागाला वेगळे सांगावयास नको. १९८९ च्या जुलैत अंबा नदीला पूर आला तो जांभूळपाडा-नागोठण्याकडची माणसे अजून विसरलेली नाहीत. ३ जून २०२० च्या निसर्ग वादळात आपल्या जिल्ह्यात किती घरांवरची कौले आणि पत्रे उडाले, ते आपण डोळ्यांनी पाहिले. एकाच कपाटात दोन प्रती ठेवल्या तर पाण्याला दोन्ही सारख्याच. काही नव्या पातळ लॅपटॉपांत तर डिस्क मुख्य पट्टीवरच जडविलेली असते, ती काढून दुसरीकडे लावताच येत नाही. त्यांना दुसरी प्रत हाच एक उपाय. आणि प्रत काढली म्हणजे झाले असे नव्हे. महिन्यातून एकदा ती उघडून पाहावी. लोणच्याची बरणी भरून ठेवली तरी मधून मधून झाकण काढून पाहतोच ना आपण?

दुकानदाराशी कसे बोलावे तेही सांगते. कारागिरांतही पुष्कळ चांगले, मेहनती तरुण आहेत, त्यांचा मला आदर आहे. पण काम देण्यापूर्वी तीन गोष्टी स्पष्ट कराव्या. आतला मजकूर मला हवा आहे, तो पुसण्यापूर्वी मला विचारा. खर्च किती, तो आधी सांगा. आणि जुनी डिस्क, मेलेली का असेना, मला परत द्या. ही शेवटची गोष्ट मुलीबाळी असलेल्या घराने कधीही सोडू नये. तिच्यात आपले फोटो असतात, बँकेचे कागद असतात. एकाने मेलेली ठरविलेली डिस्क दुसऱ्याच्या हाती जिवंत होते, हे आत्ताच आपण ऐकले.

शेवटी आपल्या मंडळासाठी एक सूचना मांडते. रिझर्व्ह बँकेचे पहिले भारतीय गव्हर्नर चिंतामणराव देशमुख यांचे रोह्याशी नाते होते, याचा आपणां सर्वांना अभिमान आहे. तेव्हा निदान हिशेबाच्या कामात तरी आपण मागे राहू नये. आपल्या बचत गटांचे हिशेब आज एकाच लॅपटॉपात आहेत. प्रत्येक महिन्याच्या सभेच्या दिवशी त्याची एक प्रत सुट्या डिस्कवर घ्यावी, ती डिस्क चिटणीस बाईंच्या घरी न ठेवता दुसऱ्या आळीतल्या सभासदाकडे ठेवावी, आणि प्रत्येक गटाचा आकडा कागदावर काढून वाचून दाखवावा. ज्या भगिनीला वाचता येत नाही तिलाही तिचा आकडा ऐकू येईल. या कामाला मी माझा वेळ देण्यास तयार आहे. माझी मुलगीही पहिले दोन महिने बरोबर येईल. सुटी डिस्क घेण्यासाठी लागणारे पैसे आपण पापडांच्या विक्रीतून बाजूला काढू शकतो. अध्यक्षा बाईंनी ही सूचना पुढच्या सभेत घ्यावी, अशी विनंती करते.

 आज घरी गेल्यावर एवढे करा: ज्या चार गोष्टी गेल्या तर पुन्हा मिळावयाच्या नाहीत, त्या कोणत्या ते कागदावर लिहा आणि झोपण्यापूर्वी त्यांची एक प्रत दुसरीकडे ठेवा.

आपल्या मंडळाची अशीच भरभराट होवो, ही श्रीधावीर महाराजांच्या चरणी प्रार्थना करून मी माझे चार शब्द पुरे करते.